गुलाबाच्या डब्याचं झाकण

रवि., ११ जाने.

सकाळी परीक्षा. ओट्यावर आठ डबे, पांढरे कप, आणि मी डोळे मिटून खुर्चीत. सुनंदा म्हणते, "अहो, सुर्र करून ओढा, नुसतं गिळू नका." मला शिकवते! चहाची पारख करताना आवाज करून ओढायचा, म्हणजे वास घशामागून नाकात चढतो, हे तिला मीच शिकवलं होतं. तेव्हा लाजायची. म्हणायची, माहेरी असा चहा प्यायले असते तर आईने पाठीत धपाटा घातला असता.

गुलाब : गरम पाणी. मोगरा : गरम पाणी. केवडा : गरम पाणी, जरा तुरट. वेलची-केशर : तेच.

"काहीच नाही?"

"आहे ना. गार होत चाललंय."

हसली नाही. मलाही नव्हतंच हसायचं. जास्वंद आंबट लागली, पण ती चिंचेच्या पाण्यासारखी कुणालाही लागेल. पुढचे कप घेतलेच नाहीत.

नाक शून्य. यापुढे नुसतं ना. शू. लिहीन. रोज पूर्ण लिहायला काय कौतुकाचं आहे!


सोम., १२ जाने.

कोथरूडला डॉक्टरांकडे. नवं काही नाही. ऑक्टोबरात चांदणी चौकात स्कूटर घसरली, डोकं मागून आपटलं. टाका नाही, रक्त नाही, दुसऱ्या दिवशी पोहे खाल्ले. पण नाकातून मेंदूकडे जाणाऱ्या केसाएवढ्या नसा त्या हिसक्याने तुटल्या म्हणे. "हाडं जुळतात हो, ह्यांचं सांगता येत नाही. वर्षभरात आला वास तर आला." आणि हेही म्हणाले, की जिभेला गोड-खारट-आंबट-कडू कळेल, तिखट झोंबेल, थंडही लागेल. ते नाकाचं काम नव्हे, त्यावर जाऊ नका.

सु.ने विचारलं, "रोज वास घ्यायचा सराव केला तर?"

"करा की. नुकसान काही नाही."

एवढंच वाक्य तिने पदरात बांधून आणलं. बाकीचं तिथेच सांडलं.

येताना भूगावात गाडी थांबवायला लावली. रस्त्याकडेला नवीन बिल्डिंग, खाली गाळा, एप्रिलपासून भाड्याने द्यायचाय. काचेला नाक लावून आत बघत होती. "तुम्ही चव बघायची, मी विकायचं. पतसंस्था सोडते मी." मी नोकरी सोडून हा सुगंधी चहाचा धंदा मांडला तेव्हापासून घर तिच्या पगारावर चाललंय. रोज पौडला जाते-येते, दमून येते, आणि आल्यावर पुड्यांना लेबलं लावते. तिला नको का वाटायचं? पण मिश्रण ठरवणारं नाक माझं होतं. तेच बंद पडलंय, आणि ही गाळा बघते.

ना. शू.


बुध., १४ जाने.

काल भोगीची भाजी. तिखट कळलं, मीठ कळलं. आज तिळगूळ : गोड आणि कचकच. शेजारपाजारचे येऊन गेले, "काय खमंग झालाय!" मीही मान डोलावली.

दुपारी दूध करपलं. मी तिथेच पेपर वाचत बसलो होतो. कांताबाई आल्या म्हणून कळलं. लवळ्याहून येतात पुड्या भरायला. दारातूनच ओरडल्या, "दादा, आवो जळतंय की! झोपलाव का काय?" पातेलं काळंठिक्कर. उद्या गॅस सुटला तर कळायचं नाही, आणि घरात एकटाच असतो मी.

ना. शू.


रवि., १८ जाने.

आज पुदिना ओळखला. घोट घेतला आणि टाळूला गार वारा लागला. "पुदिना!" ओरडलोच मी. मग एका कपाने घसा झोंबला. "आलं!" सु.ने टाळ्या वाजवल्या, डोळ्यात पाणी तिच्या.

मला माहीत होतं. थंड लागणं, झोंबणं, ते नाकाचं काम नव्हे. डॉक्टर बोलले तेव्हा तीही तिथेच बसली होती. सांगायला तोंड उघडलं, तोवर तिने बहिणीला फोन लावलासुद्धा. "अगं, यांचं नाक परत येतंय!"

आता काय सांगू? इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ओट्याशी गुणगुणत होती.

शून्यच. पण लिहावंसं वाटत नाहीये.


रवि., २५ जाने.

आज एक उद्योग केला. लाज वाटते, पण लिहितो.

डोळे मिटले की कान उघडतात. आमचे डबे एकाचा एकाला मेळ नाही. गुलाब मिठाईच्या गोल पत्र्याच्या डब्यात : झाकण टक् करून निघतं. वेलची स्टीलच्या डब्यात : आधी फुस्स, मग खणकन. केवडा काचेच्या बरणीत : किर्र किर्र फिरकी. मोगऱ्याच्या प्लॅस्टिकला चार बाजूंनी खिट्ट्या. 'एकसारखे डबे आणू' असं दर दिवाळीत ठरतं, आणि राहून जातं.

टक् वाजलं. सुर्र करून ओढलं. थोडा वेळ घेतला, कपाळाला आठी घातली, आणि म्हटलं, "अगदी पुसट… गुलाब?"

तिच्या हातातला चमचा खाली पडला.

मी काही आनंदाने नाही केलं हे. तिचं तोंड बघवत नव्हतं दर रविवारी. पुन्हा नाही करणार.


रवि., १ फेब्रु.

केलं. गुलाब, वेलची, केवडा. मोगरा मुद्दाम चुकलो, सगळेच बरोबर आले तर संशय येईल. काय पण हुशारी! शाळेत कॉपी करायची हिंमत झाली नाही, आता या वयात स्वतःच्या बायकोसमोर करतोय.

गाळेवाल्याला फोन केला तिने. "मार्चअखेर नोकरी सोडतेय, गाळा आम्हालाच ठेवा." राजीनामा लिहून पर्समध्ये टाकलाय. तिचे साहेब रजेवर आहेत, ते आले की देणार. मला वाचून दाखवला. अक्षर किती छान आहे हिचं! मी म्हटलं, घाई करू नकोस. म्हणाली, "आता कसली घाई? तुम्हीच म्हणालात ना, केवड्याचा शेवटचा दरवळ अजून नाकात आहे म्हणून."

म्हणालो होतो. थापा मारायला बसलं की मलाच सुचत जातं.


गुरु., ५ फेब्रु.

सु. पौडला. गुलाबपाकळ्यांचा नवा माल परवा आला तेव्हा ओट्यावर जागा नव्हती, पिशवी बेडरूमच्या कपाटात ठेवली होती मी. आज काढून पत्तीत मिसळल्या. मारुंजीच्या एका सोसायटीतल्या बाईंची मोठी ऑर्डर, महिलामंडळाच्या हळदीकुंकवात वाटायला.

कांताबाई पुड्या भरता भरता थांबल्या. "दादा, ह्यो वास कसला येतुया? कपाटावानी."

मला रागच आला. सगळ्या जगाला वास येतो, मलाच नाही! "नवीन जातीचा गुलाब आहे," म्हटलं. "तुम्ही भरा."

"व्हय का," म्हणाल्या आणि खाली मान घालून भरत राहिल्या. जाताना चहाही घेतला नाही.

पुड्या सीलबंद झाल्या. संध्याकाळी सु.ने विचारलं, वास बघितलात ना? बघितला, म्हटलं. फक्कड आहे.

ना. शू.


रवि., ८ फेब्रु.

मोगरासुद्धा बरोबर. खिट्ट्या चार, चुकणार कसा? सु. आता मला टेकडीवर फिरायला नेते, कुठे फूल दिसलं की नाकाशी धरते. तिथे झाकण नसतं. मी म्हणतो, सर्दी आहे.


शुक्र., १३ फेब्रु.

मारुंजीच्या बाईंचा फोन सु.ला ऑफिसात गेला. 'गुलाबी चहाला डांबराच्या गोळ्यांचा वास आहे. मंडळात माझी शोभा झाली.'

सु. घरी आली ती चपलांसकट बेडरूममध्ये. कपाट उघडलं. स्वेटरच्या घडीतून डांबराच्या गोळ्या घरंगळल्या. मग उरलेली एक पुडी फोडली, हुंगली, लगेच मान फिरवली.

"तुम्ही वास घेतला होतात ना?"

"घेतला होता."

खोटं नाही हे. घेतला होता. आला नव्हता.

पुडीचं तोंड घट्ट दुमडलं. मग म्हणाली, "पुडीत राहून नंतर लागला असेल." उरलेल्या सगळ्या पुड्या एका पोत्यात भरल्या, जिन्याखाली नेऊन ठेवल्या. जेवताना इकडचंतिकडचं बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरड की बाई! घरात आदळआपट तरी होऊ दे.


रवि., १५ फेब्रु.

वाटलं, आज परीक्षा नसेल. होती. "बसा. डोळे मिटा."

टक्. पाणी ओतल्याचा आवाज. कप हातात दिला. सुर्र करून ओढलं. आठी, थोडा वेळ, सगळं यथासांग.

"गुलाब."

"बरोबर," ती म्हणाली.

डोळे उघडले. ती पाठमोरी, बेसिनशी उभी. कपात बघितलं. पाणी. स्वच्छ, पांढरं, कपाच्या तळाची चीर दिसेल असं. पत्तीचा कणसुद्धा नाही.

नळ सोडून गाळणं धूत होती. वापरलंच नव्हतं ते गाळणं.

मी ते पाणी शेवटपर्यंत प्यायलो. कप बेसिनमध्ये ठेवला. तिने तो घेतला, विसळला, पालथा घातला. "दुपारी पिठलं करू का?" तिने विचारलं. कर, म्हटलं.

ती 'बरोबर' का म्हणाली? दिवसभर हेच डोक्यात. 'खोटारड्या' म्हणायचं सोडून 'बरोबर'? इतकी काय दया माझी?


सोम., १६ फेब्रु.

पौडहून आली. मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं, "साहेब अजून आले नाहीत. पुढच्या सोमवारी देईन राजीनामा."

देऊ नकोस म्हणायचं, तर का ते सांगावं लागेल. आणि ती तर जाणून आहे! मग ती का नाही म्हणत, की देत नाही? पर्स सोफ्यावर पडली होती. दोघं तिच्या दोन बाजूंना बसून बातम्या बघितल्या.


गुरु., १९ फेब्रु.

आठवून बघतो. केवडा कसा होता? 'केवडा' शब्द आठवतो, पिवळी पात आठवते. वास आठवतच नाही. आईच्या पेटीचा, सु.च्या केसांचा, सगळं तसंच पुसलंय. येईल म्हणून वाट बघायला तो कसा होता ते तरी माहीत हवं ना?

ना. शू. वर्षाने काय, कधीच यायचा नाही. आज पहिल्यांदा हे सरळ लिहिलं.


शनि., २१ फेब्रु.

गाळेवाल्याचा फोन. उद्यापर्यंत नक्की कळवा, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय. सु. म्हणाली, "उद्या सांगते." माझ्याकडे न बघता.


रवि., २२ फेब्रु.

आंघोळ करून बाहेर आलो तर आठही डबे ओट्यावर उघडे. झाकणं एका बाजूला, एकावर एक रचलेली.

कांताबाई वरच्या मजल्यावरच्यांचं दळण घेऊन निघाल्या होत्या, दारात थबकल्या. त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नव्हत्या, पण राहवलं नाही त्यांना. "आगं बया! खाली जिन्यापासनं घमघमाट हाय, वैनी. समदं एकदम उघडलंय काय?"

"हो," सु. म्हणाली.

मी त्या घमघमाटाच्या मधोमध टॉवेल घेऊन उभा. माझ्यापुरतं स्वयंपाकघर रोजचंच.

त्या गेल्यावर म्हणाली, "बसा. डोळे मिटा."

मिटले. कान लावले. काही नाही. टक् नाही, फुस्स नाही, फिरकी नाही. पाणी ओतलं गेलं. कप हातात आला. तिचा हात कपावरून लगेच निघाला नाही.

ओढलं. थंड नाही, झोंबत नाही, आंबट नाही.

"कुठला?"

दोन-तीन नावं जिभेवर आली. एखादं लागूही पडलं असतं.

"गरम आहे," म्हटलं.

"आणि?"

तिचा आवाज कापत होता. रागाने की कशाने, डोळे मिटून कळेना, आणि उघडायची छाती होईना. हिला काय हवंय? मी खरं बोलावं, की अजून एकदा खोटं बोलून तिला उद्या राजीनामा द्यायला पौडला पाठवावं? ती पुन्हा म्हणाली, "आणि? बोला ना."

कप खाली ठेवला आणि इकडे खोलीत आलो. हे लिहितोय. बाहेर तिचा फोन वाजतोय, उचलत नाहीये. गाळेवालाच असणार. ती ओट्याशीच उभी आहे, बांगड्यांचा आवाज येतो मधूनच.

डबे अजून उघडेच आहेत. इतका वेळ ठेवायचे नसतात, सगळा वास उडून जातो. उठून झाकणं लावायला हवीत.