खिळ्यावरची जलसंजीवनी

ता. १८ जुलै २००७
पातूर तालुका

तीर्थरूप केशवमामांच्या पायावर भाच्याचं, देवमनचं, डोकं.

इकडं आमी सारे बरे आहो. तुमचा गुडघा कसा आहे, यंदा वरूडले संत्र्याचा बहार कसा आहे, सविस्तर कळवा. (मागच्या कार्डात तुमी नुसतं ‘ठीक’ लिहिलं. ते गुडघ्याचं होतं का संत्र्याचं, हे घरात कोणालेच उमगलं नाही.)

माहं डोकं मात्र ठिकाणावर नाही. मागच्या महिन्यात आमा आरोग्यसेवकांचं अकोल्याले प्रशिक्षण झालं. तेथं सांगतलं की जुलाबाच्या लेकराले जलसंजीवनीची नवी पुडी द्या, तिच्यात मीठ-साखर पहिलेपेक्षा कमी आहे. संगं जस्ताची गोळी चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. अन् लेकरू पाणी पिऊन राहिलं असन तं सलाईन लावू नका. मी उभा राहून विचारलं, बारा वर्षं मी जुन्या पुडीचं सांगत हिंडलो, ते चूक होतं काय? साहेब म्हणाले, चूक नव्हतं, संशोधनात आता त्याहून चांगलं सापडलं. (यावर विचार करता करता माह्या ताटातलं वरण थंड झालं.)

गावात आलो तं तिसऱ्याच दिवशी निखतचा दहा महिन्यांचा अरीब जुलाबानं हैराण. निखतचे सासरे अब्दुल गफ्फार चाचा, टेलर माणूस, गावात त्यांच्या शब्दाले वजन. त्याईनं पातूरच्या दवाखान्यात न्यायले जीप सांगून ठेवली होती. मी लेकरू तपासलं. डोळे जरा खोल गेलेले, पण वाटी पाहिली की झेप घ्याचं. म्हणजे पुस्तकाप्रमाणं सलाईन नको. मी तसं सांगतलं. चाचा शांतपणे म्हणाले, “देवमन, बाटली लटकली नाही तं इलाज कायचा?”

मामा, अकोल्याच्या दोन दिवसांत जे शिकलो ते मी सारं त्याईले समजावलं. त्याईले वाटलं सरकारनं सलाईनही बंद केली. (आजकाल शेतीची पाहणी कराले इतक्या जीपा येऊन राहिल्या की कागद घेऊन बोलणाऱ्या माणसावर गावाचा भरोसाच राह्यला नाही.) तिकडं जीपवाला हॉर्न वाजवून राहिला. शेवटी मी लिटरभराची पाण्याची बाटली स्वच्छ धुतली, उकळून गार केलेल्या पाण्यात पुडी कालवली, अन् बाटली सुतळीनं बांधून भिंतीतल्या खिळ्याले टांगली. तिच्यातून वाटीत, वाटीतून चमच्यानं तोंडात. चाचानं बाटलीकडं पाहिलं अन् जीप परत धाडली.

मंग मात्र मनात आलं, आपल्या शब्दावर लेकरू घरी ठेवलं, अन् चुकलो तं? पिणं बंद झालं तं आपणच उचलून पातूरले पळाचं, असं ठरवून मी चार घंटे तेथून हललो नाही. निखत चमचा देत होती, मधून दूध पाजत होती. दुपारी लेकरानं, अंगात पाणी टिकल्याची खूण, लघवी केली. ती माह्याच पँटवर. निखत रडतरडत हासली, अन् मले इतका आनंद माह्या नोकरीच्या ऑर्डरनंही झाला नव्हता.

पण गावानं घेतला तो खिळाच. आता जुलाब झाला की आया मले म्हणतात, पुडी द्या, खिळा आमी ठोकला. लेकरं बरी होऊन राहिली. मामा, गुण पुडीचा का खिळ्याचा, मले तं खरंच समजून नाही राहिलं.

मामीले नमस्कार.

तुमचा,
देवमन

ता. क. पत्राचं खरं कारण हे. आमच्या तालुक्यात सलाईन लावणं कमी झालं म्हणून शुक्रवारी अमरावतीच्या बैठकीत मले बोलाले सांगतलं. तुमी मास्तर होते, दोन पानं भाषण लिहून धाडा. खिळ्याचं सांगू का दाबू, तेही लिहा.

दुसरा ता. क. पत्र टपालात टाकाचं राहून गेलं अन् बैठक होऊन गेली. भाषणाची तसदी घेऊ नका. खोटं बोलता आलं नाही, मी खिळ्याचं सांगून टाकलं. कोणी हासलं नाही. मोठ्या साहेबांनी वही काढली अन् विचारलं, खिळा जमिनीपासून किती फुटांवर? मामा, मोजला कोणी होता? मी पाच सांगतलं. आता साऱ्या उपकेंद्रांले पत्र निघून राहिलं म्हणे.