पायांतले बळ गेले, त्यास हयगय ठरवल्याबाबत

प्रति,
मा. विभागीय वाहतूक अधिकारी साहेब,
बस आगार कार्यालय, दुसरा मजला.

विषय : माझ्या पतीवरील हयगयीचा ठपका रद्द होऊन त्यांना परत कामावर घेण्याबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाचे निलंबनाचे व सुनावणीचे पत्र.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती की, माझे पती आपल्या आगारात बसचालक आहेत. हा अर्ज लिहायला तेच बसले होते. परंतु "माझी चूक झाली" याच्या पुढे त्यांचे वाक्य सरकेना, म्हणून मी लिहीत आहे.

१. त्या संध्याकाळी प्रवासी उतरवून गाडी आगारात घेताना त्यांचा पाय ब्रेकवर होता, पण दाबलाच जाईना. त्यांनी हाताचा ब्रेक ओढला. गाडी धुण्याच्या हौदाला लागून थांबली. समोरची काच फुटली, माणसाला इजा झाली नाही. खाली उतरताना ते गुडघ्यांतून लटपटले आणि पायरीवरच बसले. पाळीप्रमुख लांबूनच ओरडले, "झेपत नाही तर ढोसता कशाला?" तपासणीत दारूचा अंशही निघाला नाही. तेव्हा दारूचा आरोप खोडून त्या जागी 'हयगय' लिहिले गेले.

२. कंडक्टरभाऊंनी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेले. स्नायू ज्यावर चालतात ते रक्तातले पोटॅशियम फार खाली गेलेले निघाले. डॉक्टरीणबाईंनी एकेक गोष्ट विचारून घेतली. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती. दिवसभर बसून पोट साफ होत नाही म्हणून ते रोज जुलाबाचे चूर्ण घेत, हे मला तिथेच कळले. त्यात आठवडाभर हगवण लागलेली, रजा मिळाली नव्हती. वाटेत गाडी थांबवावी लागू नये म्हणून दुपारचा डबा तसाच परत येई. मी मात्र माझ्या स्वयंपाकाला दोष देत बसले होते. बाई म्हणाल्या, "इतक्या वाटांनी बाहेर जातंय आणि पोटात काही पडत नाही, तर पाय चालतील कशावर? पायांवर निभावलं म्हणायचं. हृदयावर गेलं असतं."

३. सलाइन लावले, औषध दिले, रक्तदाबाची गोळी बदलली, चूर्ण बंद केले. ते चालू लागले. त्यानंतर आपल्या वैद्यकीय विभागाने त्यांचे रक्त तपासले. ते अर्थातच ठीक आले आणि 'आजार आढळला नाही' असा शेरा पडला. आपल्या कार्यालयातील लिपिक म्हणाले, "आजार नाही, म्हणजे हयगयच." मी आधीचा अहवाल पुढे केला. तो वाचून म्हणाले, "आजार आहे, मग गाडी चालवायला अपात्र." मी विचारले, "दादा, मग आम्ही नक्की काय सांगायचं?" त्यांनी बिचाऱ्यांनी मला बसायला खुर्ची दिली.

४. यापुढे असे कधीही होणार नाही, असा दाखला आणावा असेही सांगण्यात आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काळजी घेतली तर बहुधा होणार नाही, एवढं लिहिते. कधीही नाही, हे मी स्वतःबद्दलसुद्धा लिहून देणार नाही." 'बहुधा' या शब्दामुळे तो दाखला परत आला आहे.

५. साहेब, ते घरी जेवायला बसले की टेबलाखाली उजवा पाय जमिनीवर दाबून बघतात. मुलगी विचारते, "बाबा, काय करताय?" ते म्हणतात, "काही नाही, जेव तू." त्यांना आजारी ठरवा किंवा बरे झालेले ठरवा, दोन्हीकडून दोषी ठरवू नका, एवढीच विनंती. गाडी देता येत नसेल तर आगारातले कोणतेही काम द्यावे.

६. आणखी एक सांगणे भाग आहे. काल त्याच मार्गावरच्या दुसऱ्या चालकाची बायको आमच्याकडे आली. तिच्या नवऱ्यालाही रक्तदाबाची तीच गोळी आहे. आमची गत पाहून त्याने दवाखान्यात जायचेच सोडले आहे. रक्त तपासले आणि काही निघाले तर नोकरी जाईल, असे तो म्हणतो. पायांत गोळे येतात, पण बोलायचे नाही, अशी त्याने तिला शपथ घातली आहे. "वहिनी, मी काय करू?" म्हणून ती रडत होती. त्याला तपासून घ्यायला सांग, असे म्हणायला माझे तोंड उघडले नाही. तो आज सकाळी गाडी घेऊन गेला आहे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,

निलंबित चालकाची पत्नी
(सही)
दिनांक : सुनावणीच्या आदल्या दिवशी

सोबत : रक्ताचे दोन्ही अहवाल, दारू-तपासणीचा निकाल, परत आलेला दाखला.