पित्ताचं माप

लातूर, दवाखाना
ता. ९ फेब्रुवारी २०२५

ती. राधाकिशनदादांना धाकट्या छबूचा सा. न. वि. वि.

ही चिठ्ठी तुमच्या गावच्या भागवतच्या हाती धाडते, कारण फोनवर बोलावं तर सून शेजारीच असती. लिव्हरातल्या गाठी आपरेशन करून काढल्या. कुत्र्याच्या जंतानं होत्यात म्हणं. माझा जल्म शेरडामागं गेला, कुत्रं सदा पायातच. पण आता आतून पित्त गळायलंय. म्हणून कुशीला नळी ठिवली, नळीला पिशवी. सिस्टर रोज सकाळी माप लिहिती, मग पिशवी ओतायचं काम स्वप्नालीचं. लग्नाला वरीस झालं न्हाई, आन् पोरीनं सासूची घाण काढायची! मला लई लाज वाटती. म्हणून सिस्टर यायच्या आधी निम्मं मीच संडासात ओतते. माप कमी बघून डॉक्टर खूश हायेत, शुक्रवारी नळी काढणार. तुमाला माझी शपथ, कुणाला सांगू नका.

वयनीला नमस्कार. लोभ पातळ होऊ देऊ नका.
तुमची छबू

नांदूरघाट
ता. ११ फेब्रुवारी २०२५

चि. छबूस दादाचे आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी वाचली आणि लगेच स्वप्नालीला फोन लावला. शपथ मोडली. अगं येडे, दूध डेअरीवर तीस वर्षं मापं घेतली मी. मापात चोरी करणारे लई बघितले, पण स्वतःच्याच जिवाशी चोरी करणारी तू पहिलीच! नळी निघाली असती तर सगळं पित्त पोटात साचलं असतं, असं डॉक्टरांनी स्वप्नालीला सांगितलं. पोरगी रडली फोनवर. चिडली न्हाई, घाबरली. मीबी घाबरलो. आई-बापामागं मला तूच हाय. माझ्यावर रागव, पण जगून रागव.

तब्येत कळवत जा.
तुझा दादा

लातूर
ता. ४ मार्च २०२५

ती. दादांना छबूचा सा. न. वि. वि.

खरं सांगते, दोन दिस तुमचं नाव घेतलं न्हाई. डॉक्टरांपुढं सगळं निघालं तवा कुठं तोंड लपवू असं झालं. पण त्यांनी दुर्बिणीनं, तोंडातून, पित्ताच्या वाटंत बारीक नळी बसवली. गळती थांबली. काल कुशीची नळीबी निघाली. आता ताक-भाकर खाते. दादा, तुमी माझं ऐकलं असतं तर ही चिठ्ठी लिहायला मी नसते. तुमचे, डॉक्टरांचे, त्या सिस्टरचे लई उपकार झाले.

आन् स्वप्नालीचे तर कसे सांगू? ते सगळं उघडं पडलं त्या दिवशी तिनं मला एवढंच विचारलं, की ती या खाटंवर असती तर मला तिची किळस आली असती का. मी म्हणलं, लेकराची कसली आलीय किळस. त्यावर तिनं पिशवीसाठी हात पुढं केला. मग मीच पिशवी तिच्या हातात दिली.

माया असू द्या.
तुमची छबू