आत टाका

६ तारीख, सोमवार. सकाळ.

आजपासून फोन फक्त जेवणानंतर. बाकी वेळ मशीन. बँकेतल्या बाईंची पँट तिसऱ्यांदा कमरेत सैल करायची आहे. बाई रुंदावायच्या थांबत नाहीत, कापड तरी किती पुरणार.

लेकाने पाठवलेला नवा फोन वरच्या मजल्यावरच्या पोराने शनिवारी सुरू करून दिला. संध्याकाळभर माझ्या टेबलाशी बसला होता बिचारा. खात्याला नाव काय देऊ म्हणाला. म्हटलं, ‘सुईदोरा’. म्हणाला, आजी, भारी. म्हटलं, आजी असेल तुझी मांजर, मला मावशी म्हण.

खिडकीवरच्या पाटीची कटकट चालूच. पाटी मी स्वतः ब्रशने रंगवलीय: ‘रफू. चेन. आत टाका.’ आत टाका म्हणजे आतल्या बाजूने घातलेला टाका. बाहेरून भिंग लावून शोधा, दिसणार नाही. माझी खासियत. पण हल्ली मराठी येतं कुणाला? जाणारा-येणारा पाटी वाचतो, खिडकी उघडी बघतो आणि हातातलं काहीतरी आत टाकून जातो. परवा जाहिरातीचे कागद, आज अर्धा खाल्लेला पाव. लेक म्हणतो, आई, ‘आतला टाका’ लिही. मी म्हटलं, गावच्या शाळेत मास्तरांनी मला व्याकरण छडीने शिकवलंय. तुला कुणी शिकवलं? फोनवर मागून सून हसली.

दुपार.

जेवण अकरालाच उरकलं. म्हणजे नियम मोडला नाही.

फोनवर सगळीकडे एकच बातमी. हायवेवरच्या पेट्रोल पंपावर कामावरच्या माणसाला शनिवारी संध्याकाळी दोन पोरांनी भोसकून मारलं. एक सोळाचा, एक सतराचा. दोघं फरार. पोलीस शोधतायत आणि पोलिसांपेक्षा जास्त लोक फोनवर शोधतायत. त्यासाठी एक ग्रुपच निघालाय, ‘पकडा त्यांना’. मीही सामील झाले. नुसतं बघायला.

७ तारीख, मंगळवार.

मशीनला तेल घातलं. तेल मुरेपर्यंत ग्रुप बघितला. तेल दुपारपर्यंत मुरत होतं.

काय एकेक नग आहेत! एकाने पोरांना बस स्टँडवर पाहिलं, एकाने त्याच वेळी धरणावर. एक काका म्हणतात, हा आयांचा दोष. काकांच्या फोटोत काका स्विमिंग पूलमध्ये. एकाने लिहिलंय, ‘चौकात उलटे टांगा’. खाली लाल बदामांची रांग. त्याखाली गादीची जाहिरात.

कुणीतरी मेलेल्या माणसाच्या बायकोचा फोटो लावला. दारात बसलीय, हातात त्याचा डबा. त्याला बदाम फार नाहीत. एकीने विचारलंय, ही रडत कशी नाही?

मीही रडले नव्हते. हे गेले तेव्हा सगळे माझ्या डोळ्यांकडे बघत होते आणि डोळे कोरडे. पुढे कधीतरी फ्रिजवर ह्यांचा चष्मा सापडला, तेव्हा फ्रिजला धरून रडले. हे लिहावंसं वाटलं. एवढं टाइप कोण करणार? त्याऐवजी लिहिलं, ‘पोरं मिळेपर्यंत पूलमधल्या काकांना तरी बाहेर काढा.’

अठ्ठावन्न लाईक! एकाने लिहिलं, सुईदोरा ताई, तुम्ही टोचता छान. ताई म्हणाला.

८ तारीख, बुधवार.

पोलिसांनी पंपाच्या कॅमेऱ्यातला फोटो दिला. काय तो फोटो! धुक्यात मेंढ्या. पण एक दिसतं: सतराच्या पोराच्या अंगात राखाडी जॅकेट, आणि डाव्या बाहीवर पांढरी रेघ.

लोक म्हणतात, डिझाइन. अरे कसलं डिझाइन! फाटलेल्या बाहीला कुणा नवशिक्याने बाहेरून घातलेला टाका आहे तो. तीस वर्षं मशीनवर बसलेय, मला कळणार नाही? फोटो मोठा करून करून बघितला. मोठा केला की नुसते चौकोन दिसतात, पण त्या चौकोनांतही टाका दिसतो. बघणाऱ्याला.

वरच्या पोराचं जॅकेट सेम असंच राखाडी, आणि तेही डाव्या बाहीलाच फाटलेलं. मीच शिवून दिलंय. आत टाका. त्याला परत दिलं तेव्हा बाही उलटीपालटी करून शोधत बसला, कुठे फाटलं होतं तेच सापडेना. मला इतकं बरं वाटलं, तोंडावर दाखवलं नाही.

मुलगा सतरा वर्षांचा, बांबूसारखा वाढलाय, जिन्यात खाली मान घालून जातो. आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत, शिफ्टवर. घरात दोघंच. संध्याकाळी त्याला जिन्यात अडवलं. म्हटलं, काय रे फरारी, आज कुठे दडला होतास? म्हणाला, तुमच्या कपाटात मावशी, चिंध्यांत कुणी शोधत नाही. आता जरा बोलायला लागलाय. माझ्या संगतीचा गुण.

बँकेतल्या बाई पँट न्यायला आल्या. झाली नव्हती. म्हटलं, केसच्या तपासात आहे.

९ तारीख, गुरुवार.

आज माझा दिवस.

सकाळी ग्रुपच्या मुख्य माणसाने विचारलं, ‘असं जॅकेट तुमच्या आसपास कुणाकडे आहे का?’ लोकांनी काहीही लिहिलं. म्हटलं, आता जाणकाराने बोलायला हवं. गुन्हेगाराच्या जॅकेटला बाहेरून टाका, सभ्य माणसाच्या जॅकेटला आतून. एवढा साधा फरक. उगाच उद्या कुणी आमच्या पोरावर संशय घ्यायला नको, म्हणून आधीच त्याची बाजू मांडून ठेवली. थोडक्यात लिहिलं, लांबण मला आवडत नाही:

‘हुबेहूब असंच जॅकेट आमच्या वरच्या मजल्यावरच्या पोराचं. फक्त आत टाका.’

पाठवलं आणि चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत फोन नुसता थरथरत होता. शेकडो लाईक! हजाराच्या पुढे गेल्यावर मी बघायचं सोडलं. आयुष्यभर लोकांची फाटकी भोकं बुजवली, कुणी वा म्हटलं नाही. ह्यांनीसुद्धा नाही. आणि आज एका टाक्याला एवढी दाद.

खाली उत्तरं: ‘बरोबर बोललात ताई.’ ‘अगदी असंच पाहिजे.’ ‘लगेच टाका.’

लगेच म्हणजे अर्जंट काम. त्याला लिहिलं, ‘हो, एका दिवसात करून मिळेल.’ त्यालाही बदाम पडले. एकाने पत्ता विचारला. दिला. गिऱ्हाईकाला पत्ता नको का? वर हेही लिहिलं, ‘मी तळमजल्यावर, खिडकीला पाटी आहे. जॅकेटवाला माझ्या डोक्यावर.’

उद्यापासून दुसरी मशीन घ्यायचा विचार. एक बाई हाताखाली ठेवावी लागेल. बोलकी नको.

१० तारीख, शुक्रवार. सकाळ.

केस नीट बांधले. चांगली साडी. बाकावरच्या चिंध्या आवरल्या.

समोरच्या फुटपाथवर माणसं उभी आहेत. सहा-सात तरी. फोन वर धरून पाटीचे फोटो काढतायत. हातात कपडे कुणाच्याच नाहीत. लाजत असतील. पहिल्यांदा शिंप्याकडे येताना पुरुष लाजतातच.

दुपार.

दोघं खिडकीशी आले. विचारलं, फोनवर लिहिणाऱ्या तुम्हीच ना? म्हटलं, मीच सुईदोरा. मग विचारलं, तो पोरगा घरात आहे का? म्हटलं, आहे ना, जॅकेटही त्याच्याकडेच आहे. माझ्या तोंडाने कशाला सांगू, वर जाऊन स्वतःच हात लावून बघा.

मी त्यांना काम बघायला पाठवलं. माझं काम.

संध्याकाळ.

वर खुर्ची पडल्याचा आवाज आला. मग जिन्यात धडधड. दार उघडेपर्यंत गर्दी पोराला खाली ओढून रस्त्यावर घेऊन गेली होती. मी ओरडले, अहो, टाका आत आहे, आत! त्यावर दोघं-तिघं उलट ओरडले, हो हो, आतच टाकणार!

अर्धे जण मारत होते, अर्धे फोन धरून होते. माझ्या खिडकीच्या कट्ट्यावर एक जण बूट घालून चढला, चांगलं दिसावं म्हणून.

पोलीस आले. पोराला उचलून नेलं. मलाही विचारलं, शनिवारी संध्याकाळी हा कुठे होता? म्हटलं, माझ्यासमोर, ह्या टेबलाशी, माझा नवा फोन सुरू करून देत बसला होता. हवालदाराने वहीतून मान वर काढली. मग म्हणाला, हे तुम्ही लिहिलं का नाही?

कुणी विचारलंच नाही. ग्रुपवर जॅकेटचं विचारलं होतं.

११ तारीख, शनिवार.

पोराला रात्रीच सोडलं म्हणे. पोलिसांनी हॉस्पिटलात नेलं. त्याची आई तिथेच लाँड्रीत कामावर होती. तिच्यासमोरूनच स्ट्रेचर गेलं. ती म्हणे चादरी मोजत होती.

लेकाचा फोन. माझंच वाक्य मला मोठ्याने वाचून दाखवलं. म्हटलं, मग? टाका आत आहे, त्यात चूक काय? म्हणाला, आई, परत वाच, पाटी वाचणाऱ्या माणसासारखं वाच.

वाचलं.

म्हटलं, एक ‘आहे’ राहिला असेल. एका ‘आहे’वरून कुणी माणसाला बडवतं का? मास्तर असते तर छडीने हातावर दोन दिल्या असत्या, लोक माणसाला थेट रस्त्यावर ओढतात? दोष वाचणाऱ्यांचा आहे. लेक म्हणाला, ते काढून टाक आणि त्याची माफी माग. मागून सूनही काहीतरी म्हणाली. ह्या वेळी हसली नाही.

माफी कसली? मी तर त्याची बाजू मांडली होती. तरी उद्या खुलासा लिहिणार आहे, सविस्तर. आज डोळे चुरचुरतायत.

१२ तारीख, रविवार.

दोघं सापडले. एकाच्या मामीच्या घरात, पोटमाळ्यावर, जुन्या गाद्यांमागे. रडत होते म्हणे. सोळाच्याने विचारलं, आईला सांगितलं का?

पोलिसांनी जॅकेट दाखवलं. राखाडी नाही, निळं. कुठेही फाटलेलं नाही. बाहीवरची पांढरी रेघ म्हणजे खांद्यावरच्या बॅगेचा पट्टा.

कॅमेराच तसला, त्याला मी काय करणार.

खुलासा लिहिला. टाक्याचे प्रकार, आतला, बाहेरचा, दुहेरी, सगळं लिहिलं. पोरगा निर्दोष आहे, त्या शनिवारी माझ्याकडे होता, हेही लिहिलं. शेवटी. तीन लाईक. एक लेकाचा, एक गादीवाल्या जाहिरातीचा, एक माझाच चुकून अंगठा लागला. एकाने विचारलं, ‘टाका म्हणजे काय टाकू?’ पूलवाल्या काकांनी लिहिलं, ‘आजी, आता पुरे.’

आजी.

पोराचा रक्ताने भरलेला फोटो अजून तिथेच आहे. मुख्य माणसाला तो काढायला सांगितला. त्याने ग्रुपचं नावच बदललंय. आता तिथे कुठल्याशा पळून गेलेल्या बायकोला शोधतायत. आधीची सगळी माणसं आहेत. मीही अजून आहे. बाहेर कसं पडायचं ते येत नाही. तो पोरगाच सांगायचा असलं सगळं.

१४ तारीख, मंगळवार.

डब्यात शिरा घेऊन वर गेले. दार वाजवलं. त्याच्या आईने उघडलं नाही, आतूनच बोलली. म्हटलं, अगं, मी आहे, मावशी. म्हणाली, माहितीय. म्हटलं, जॅकेट दे, फाटलं असेल तर शिवून देते, कळणारसुद्धा नाही. मग म्हणाली, मावशी, त्याच्या भुवईवर टाके पडलेत. बाहेरून. सगळ्यांना दिसतात. तुम्ही आता खाली जा.

रागात माणूस काहीही बोलतं. मी मनावर घेतलं नाही. डबा दाराशी ठेवून आले. उद्या परत जाईन.

१५ तारीख, बुधवार.

गेले नाही. गुडघा दुखत होता.

डबा जिन्यात माझ्या पायरीवर होता. भरलेला, तसाच.

१८ तारीख, शनिवार.

सकाळी खिडकी उघडली तर आत जमिनीवर काहीतरी पडलेलं. म्हटलं, परत कुणीतरी पाटी वाचली. शिव्या देतच उचललं.

जॅकेट.

उजेडात नेऊन बघितलं. धुतलेलं होतं, पण कॉलरवरचा डाग गेला नाही. डावी बाही खांद्यापासून उसवून लोंबतेय. उलटी करून बघितली. माझा टाका जिथल्या तिथे. एक धागा ढिला नाही. त्याला धरूनच ओढलं असणार, तरी सुटला नाही. कापड त्याच्या शेजारून फाटलंय.

दिवसभर बसून सगळं शिवलं. फोनला हात लावला नाही. आत टाका, इतका बारीक की बोट फिरवलं तरी लागत नाही. असं काम माझ्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं. हे बघून तरी ती मान डोलवेल. पोरगा तर नक्कीच शोधत बसेल, कुठे फाटलं होतं.

इस्त्री करून दाखवायला वर गेले.

वर कुलूप. दारावरची नावाची पाटी काढलेली, खिळ्यांची दोन भोकं तेवढी उरलीत.