बाबांची पिसं

मंगळवार, ता. ३

चि. डावऱ्यास अनेक आशीर्वाद.

मी, बाबा आणि त्यांनी बनवलेलं ते पियानोच्या आजोबासारखं हार्पसिकॉर्ड, तिघंही धडधाकट पोचलो. जुन्या संगीताचा हा महोत्सव भारी काटेकोर आहे. तीनशे वर्षांपूर्वी जे नव्हतं ते वाद्यातही चालत नाही, खिळासुद्धा तपासतात. रविवारी माझ्या वादनाआधी एक जाणकार बाई वाद्य उघडून बाबांनी कापलेली पिसं लोकांना दाखवणार आहेत. तार छेडायला आता सगळे प्लास्टिक बसवतात, खरं पीस कापणारे बाबाच उरलेत म्हणे. हाताची थरथर वाढलीय, चहाचा कप मीच धरते. पण ऐट अशी की नवरदेव लाजेल, एकच सदरा दोनदा इस्त्री करून घेतला. तू यायला हवं होतंस. कामाचं निमित्त मला सांगू नकोस.

माया आहेच, पत्राचा आळस तेवढा सोड.

ताई

गुरुवार, ता. ५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि लगेच फोन लावला. तिथला फोन दरवेळी बाबाच उचलतात, म्हणून लिहितोय.

वाद्यात बाबांचं एकही पीस नाही. गेल्या हिवाळ्यात त्यांनी कापलेली पिसं वेडीवाकडी झाली, निम्मे सूर मुके. मला त्यांना सांगवेना. ते दुपारी झोपले की मी एकेक काढून प्लास्टिकचं बसवायचो, वरून काळा रंग. एकशे दोन होती. मग त्यांनी वाजवून पाहिलं आणि म्हणाले, अजून हात गेला नाही माझा. त्यानंतर मी कुठल्या तोंडाने बोलणार होतो?

काहीही कर, पण वाद्य उघडू देऊ नकोस.

रागावलीस तरी अंतर देऊ नकोस.

डावऱ्या

सोमवार, ता. ९

चि. डावऱ्यास,

तुझं पत्र आज आलं. सगळं कालच झालं.

बाईंनी तारेखालची, पीस बसवलेली एक पट्टी वर काढली, टोक नखाने खरवडलं आणि नखाला लागलेला काळा रंग बघितला. मला काही कळेना. बाबा उठले, पट्टी घेऊन उजेडात धरली. काप डाव्या हाताचा होता, तो मलाही दिसला. त्यांनी त्या कापावरून अंगठा फिरवला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “माझंच काम आहे. पिसं आता मला जमत नाहीत.”

माझं वादन रद्द झालं. वाद्य मागच्या दाराने बाहेर काढलं. मी नुसती सोबत चालले, दुसरं काय करणार होते?

आज बाबांनी पाकिटावरचं तुझं अक्षर पाहिलं, पण काय लिहिलंय ते विचारलं नाही. एवढंच म्हणाले, त्याला विचार, माझी पिसं फेकून तर नाही ना दिली.

लगेच कळव.

ताई