अंगणातली रेन गार्डन

१४ जून
अंगणात पुन्हा घोट्यापर्यंत पाणी. सुशीला म्हणाली, अवो, एक चर मारा, पाणी व्हाळात जायत. चर! ओरोसला एकतीस वर्षं सरकारी टेबल सांभाळलेला नवरा, आणि चर?
व्हिडिओ पाहिला. परदेशात रेन गार्डन करतात. खोलगट खड्डा, त्यात पाणी पिणारी झाडं, अंगण आपोआप कोरडं. यंदा गणपती कोरड्या अंगणातून घरात येणार, असा सुशीलाला शब्द दिला. आनंदाने दोन वाट्या सोलकढी जास्त प्यायलो.

१५ जून
दोन हात खोल ठरलं होतं. दीड हातावर जांभा दगड लागला. कुदळीचा दांडा मोडला. दीड हातच शास्त्रीय, असं आता माझं मत आहे.

२ जुलै
सड्यावरच्या कातळावरून रानरोपं आणून लावली. तेरडा, हरणाची फुलं, कळलावी. फुकट! नर्सऱ्यांवर लोक उगाच पैसे उधळतात.

१० ऑगस्ट
बहर!! नाचावंसं वाटलं. नाचलो. घसरलो.
पाणी थोडं वाढलंय. झाडं अजून लहान आहेत, जास्त पीत नाहीत.

२६ ऑगस्ट, दुपारी ४
डुलकी काढून उठलो. बाग नाही!
गणपतीवर टांगायच्या लाकडी चौकटीला, माटवीला, रानफुलं लागतात, हे जन्मापासून माहीत आहे. आपण नेमकी तीच लावली, हे आज कळलं. सुशीला म्हणाली, यंदा सड्यार जावक नको पडला, तुमचो काय तरी उपयोग झालो. शेजारची विमलाही दोन जुड्या घेऊन गेली.
रागावलो. पण माटवी सुंदर दिसते. फुलं माझी आहेत.

२७ ऑगस्ट, चतुर्थी
खड्डा तुडुंब. वर दोन फळ्या टाकल्या. परदेशात याला गार्डन ब्रिज म्हणतात. विमलाचा मुलगा बाबू आमची मूर्ती डोक्यावर घेऊन आला, फळ्यांकडे एकदा बघितलं आणि गणपती मागच्या पडवीतून आत नेला. सुशीलाने मागच्या दारातच ओवाळलं. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

२८ ऑगस्ट
दीड दिवसाचं विसर्जन, आणि मूर्ती पोचवायच्या त्या व्हाळाला पूर. बाबू म्हणाला, काकानू, तुमचो खड्डो आसा मां! वाडीतले सहा गणपती माझ्या अंगणात! ढोल, गुलाल, मी सगळ्यांच्या पुढे. मोरया! सुशीलाही हसली. रेन गार्डन पूर्ण यशस्वी.

६ सप्टेंबर
तीन दिवस पाऊस नाही. पाणी तसूभर हललं नाही. बाबूने काठी घालून पाहिलं. सहा मूर्तींची चिकणमाती तळाला बसून खड्डा छान लिंपून निघालाय. आता थेंब जिरणार नाही.

७ सप्टेंबर
मन घट्ट करून चर मारायला घेतला. दोन घाव घातले तोच अर्धी वाडी धावत आली. बाबूने कुदळच काढून घेतली. म्हणाला, पाणी सोडू नकात, पुढल्या वर्सा आमी गणपती खंय पोचवतलो?
सुशीलाने कपडे वाळत घालायला विमलाचं अंगण मागितलंय.