ट्रक रोखण्याचा अधिकार

सर,

मी तुमच्या हाताखाली जनावरांची डॉक्टर म्हणून जालन्याला रुजू झाले तेव्हा मला जनावरांपेक्षा माणसांची भीती जास्त वाटायची, आणि ते तुम्ही पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. खेड्यापाड्यांतून विकत घेतलेल्या शेळ्या-मेंढ्या नवीन जालन्यात स्टेशनाजवळच्या मोकळ्या जागेत गोळा व्हायच्या. तिथून ट्रकनं मुंबई, मुंबईहून जहाजानं आखाती देशांत. आजारी, गाभण किंवा दाटीवाटीनं कोंबलेलं जनावर पुढे जाऊ द्यायचं नाही, असा कायदा. ट्रक रोखायचा अधिकार तुमचा होता, पण गुडघ्यांमुळे तुम्हाला ट्रकवर चढवेना. तो अधिकार तुम्ही मला द्यायचं ठरवलं, तेव्हा आपल्या एका जुन्या सहकाऱ्यांनी माझ्यासमोरच हरकत घेतली. बाई आहे, नवीन आहे, व्यापाऱ्यांपुढे टिकायची नाही म्हणाले. तुम्ही सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या नावाचा आदेश टाइप करायला सांगितला.

त्या संध्याकाळी तुम्ही मला घरी जेवायला नेलं. काकू भाकरी थापतायत, तुम्ही चुलीजवळ पाटावर पाय लांब करून बसलेले. मी विचारलं, काही अडलं तर तुम्हाला विचारायला येऊ ना? तुम्ही म्हणालात, "जनावराबद्दल कवाबी विचारा. पण थांबवायचं का सोडायचं, हे मला विचारायचं न्हाई."

मला ते थोडं कोरडं वाटलं होतं.

मग उन्हाळ्यातली ती दुपार. ट्रक भरून तयार आहे आणि मी फळीवर उभी राहून एकेका शेळीच्या पोटाला हात लावतेय. कितीतरी शेळ्यांची कास भरलेली, हाताखाली आतलं करडू हलत होतं. मी त्या उतरवायला सांगितल्या. व्यापारी वाईट माणूस नव्हता. त्यानं मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. जहाज कुणासाठी थांबत नाही, हेही नीट सांगितलं. मी ऐकत नाही म्हटल्यावर तो फोन करायला गेला. थोड्या वेळानं तुमची जीप आली. तुम्हाला वरून फोन आलाय, हे मला तुमच्या चेहऱ्यावरूनच कळलं. खरं सांगते सर, तुम्हाला बघून मला हायसं वाटलं. आता हे तुम्हीच निस्तराल, असं वाटलं.

व्यापारी तुमच्याजवळ गेला. "साहेब, तुम्ही बोला. तुमचा शब्द मॅडम टाळणार न्हाईत."

तुम्ही त्याच्याकडं नाही, माझ्याकडं पाहिलंत. "अधिकार त्यांना दिलाय. त्या म्हणतील तसं."

आणि जीपच्या सावलीत जाऊन उभे राहिलात. मी पुन्हा वर चढले, पुन्हा एकदा तपासलं, आणि गाभण शेळ्या एकेक करून खाली उतरवून घेतल्या. उरलेल्यांना ऐसपैस जागा झाली. ट्रक गेला. परतताना जीपमध्ये, आंबा औंदा लवकर उतरला, एवढंच बोललात.

पावसाळ्याआधीच तुमची बदली झाली, निवृत्तीला थोडाच काळ उरला असताना, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. त्या दुपारचा आणि बदलीचा संबंध तुम्ही कधी जोडू दिला नाहीत. निरोपाच्या दिवशी मी विचारायचा प्रयत्न केला, तर म्हणालात, "नोकरीत बदल्या व्हतच राहत्यात."

तुम्ही वारल्याचं कळल्यावर मी हसनाबादला, तुमच्या गावच्या घरी गेले होते. काकूंनी मला जवळ बसवून घेतलं. त्या दुपारचा विषय त्यांनीच काढला. म्हणाल्या, "त्या दिशी घरी आल्ते तर ताट तसंच सारलं. म्हन्ले, आता माझ्या नोकरीवर येतंय. मी म्हन्लं, मंग बोलायचं व्हतं ना तुमी. तर म्हन्ले, मी बोललो असतो तर पोरीचं परत कुनी ऐकलं नसतं."

तुम्हीही घाबरला होतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. जीपच्या सावलीत तुम्ही इतके निवांत दिसत होतात. तेव्हापासून तुमची आठवण जरा वेगळीच येते. तुमच्याशी आता बोलता आलं असतं असं फार वाटतं. साहेबाशी नाही, त्या घाबरलेल्या माणसाशी. बदलीच्या गावी तुम्ही एकटे काय जेवत होतात, गुडघे कसे होते, संध्याकाळी कुणाशी बोलत होतात, यातलं काहीच मी तेव्हा विचारलं नाही. आता विचारावंसं वाटतं, तर पत्ता नाही. हे पत्र कपाटातच राहील.

एक मात्र सांगून टाकते. माझे वडील मी चालायला लागायच्या आधीच गेले. मला त्यांचा चेहरासुद्धा आठवत नाही. परवा एका लग्नात एका अनोळखी बाईंनी विचारलं, वडील काय करायचे तुमचे? मी म्हटलं, जनावरांचे डॉक्टर होते. आणि मग बराच वेळ त्यांना तुमच्याबद्दलच सांगत बसले.